'आजीची ओढ' आणि 'पावसाची ओढ': एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे?

रविवारची_शाळा:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या मुलांना रविवारी मराठी शिकवते, ११ ते १३ वयाची नऊ मुलं आहेत, घरात मराठी ऐकतात, बोलतात पण वाचन फार कमी. गेल्या आठवड्यात भावनांचे शब्द घेतले होते, माया, लळा, जिव्हाळा, ओढ वगैरे. ओढ समजावताना मी म्हटलं की एखाद्या माणसाकडे किंवा जागेकडे मन आपोआप खेचलं जातं ना, ती ओढ. आजीची ओढ, घराची ओढ. मुलांना पटकन कळलं कारण दर उन्हाळ्यात भारतात जाऊन आलेली मुलं आहेत सगळी.

नंतर मी वाचायला म्हणून जुन्या बातम्यांची कात्रणं दिली तर त्यात एक मथळा होता 'मराठवाड्यात पावसाची ओढ'. एका मुलाने अर्थ सांगितला, पावसाला मराठवाडा खूप आवडतो म्हणून तो सारखा तिकडे जातो!! वर्ग हसला पण मी हसू शकले नाही, कारण त्याने माझीच व्याख्या बरोबर लावली होती. दुसरी एक मुलगी म्हणाली की नाही, मराठवाड्याला पाऊस हवाहवासा वाटतोय, आजीची ओढ तशी पावसाची ओढ. तेही बरोबर वाटतं. आणि खरा अर्थ तर पाऊस पडतच नाहीये. मी तेवढं सांगितलं पण का ते सांगता आलं नाही, पुढच्या रविवारी सांगते म्हणाले.

तर प्रश्न असा की हे दोन वेगळे शब्द आहेत का जे योगायोगाने सारखे दिसतात? की एकाच शब्दाच्या दोन बाजू? आणि ओढ, लळा, माया, जिव्हाळा यांच्यात फरक कसा सांगायचा, मला स्वतःला वापरताना चूक होत नाही पण समजावता येत नाही.

पुणेरी_पगडीवाला:
वेगळे शब्द नाहीत हो, मूळ ओढणेच. दोरी ओढली की ती ताणली जाते. दोरीच्या या टोकाला बघितलं तर खेच, मधे बघितलं तर ताण. पाऊस ओढ देतो म्हणजे ताणून धरतो, लांबवतो. 'ओढगस्त' आठवा, पैशाची ओढगस्त म्हणजे पैसा खेचून येतोय असं नाही, टंचाई आहे. ओढाताण पण तसंच.

बांधावरून:
ताई मी जालना जिल्ह्यातला, तुमच्या मथळ्यातला माणूस समजा. तुमच्या त्या पोरीचं उत्तर चुकलेलं नाही असं मला मनापासून वाटतं पण आधी आमच्याकडं हा शब्द कसा बोलतात ते सांगतो.

पाऊस न येण्याला आमच्याकडं एक शब्द नाही. 'उघडीप' म्हणजे चांगली गोष्ट, सारखा पाऊस लागून राहिला की माणूस म्हणतो आता दोन दिवस उघडीप पाहिजे, कोळपणी करून घेऊ. 'दडी मारली' म्हणजे आत्ता होता आणि गेला कुठं. 'हुलकावणी दिली' म्हणजे ढग आले, वारं सुटलं, गार लागलं आणि पलीकडच्या गावात पडून गेला. 'खंड' हा कागदावरचा शब्द आहे, २०२३ ला पीकविम्यासाठी २१ दिवसांचा खंड पडला का नाही त्याच्यावर सगळं अडलं होतं, म्हणजे खंड मोजता येतो. ओढ मोजायची नसते. ओढ कधी म्हणायची, जेव्हा पीक उभं आहे आणि पाऊस येईल येईल म्हणून आपण थांबलोय. पेरणीच झाली नसेल तर आम्ही म्हणतो पाऊस लांबला. पेरलंय, उगवलंय, आता सोयाबीन फुलात आहे आणि पाऊस नाही, तेव्हा म्हणायचं पावसानं ओढ दिली. ह्यात बघा, आधी काहीतरी नातं जुळलेलं असावं लागतं.

२०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. आमची जमीन काळी, तिला भेगा पडल्या, पोराचा हात आत जाईल एवढ्या, सोयाबीननं माना टाकल्या. माझे वडील रोज संध्याकाळी बांधावर जाऊन पश्चिमेकडं बघत उभे राहायचे. तुम्ही आजीची ओढ म्हणता तेव्हा आजीच्या दारात गाडी थांबल्यावर ओढ संपते ना? तसंच आहे हे. पाऊस आला की ओढ हा शब्दच संपला.

अजून एक. आमच्या भागात मोसंबीच्या बागा आहेत. आंबे बहारासाठी डिसेंबरात बागेचं पाणी मुद्दाम तोडतात, त्याला 'ताण देणे' म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग पाणी सोडलं की सगळं झाड फुलानं भरून जातं. माणूस जे करतो तो ताण आणि आभाळ जे करतं ती ओढ. ताण द्यायचा का नाही, किती दिवस द्यायचा हे आपल्या हातात आहे. ओढीचं तसं नाही.

रविवारची_शाळा:
बांधावरून दादा, हे असं काही कोशात मिळालं नसतं. 'आधी नातं जुळलेलं असावं लागतं' हे मी तसंच्या तसं फळ्यावर लिहिणार आहे.

शब्दांच्या_मागे:
धागा आवडला. ताईंचा व्याकरणाचा प्रश्न बाजूला पडू नये म्हणून लिहितो.

खरी गंमत 'ची' मध्ये आहे. 'आईची माया' म्हणजे आई जी करते ती माया. 'आईची ओढ' म्हणजे आई ओढते असं नाही, आपल्याला आईकडे जावंसं वाटतं. प्रत्यय तोच, रचना तीच पण दिशा पूर्ण उलटी. मायेच्या आधी बहुतेक वेळा देणारा येतो, ओढीच्या आधी जिथे पोचायचं ते ठिकाण येतं. (लेकराची माया तिला स्वस्थ बसू देईना, असंही आपण म्हणतो, तिथे माया लेकरावरची आहे, त्यामुळे नियम काटेकोर नाही पण ओढीच्या बाबतीत बऱ्यापैकी पक्का आहे.) आणि ज्याला वाटते त्याला 'ला' लागतो, मला गावाची ओढ आहे. 'माझी गावाकडे ओढ आहे' असं कोणी बोललं तर कानाला खटकतं, तिथे ओढा पाहिजे. माझा ओढा गावाकडे आहे.

ओढा पुल्लिंगी आणि त्याच्या आधी कडे. ओढ स्त्रीलिंगी, तिला लागणे आवडतं. पण अर्थातही फरक आहे. मुलांचा ओढा कॉमर्सकडे, लोकांचा ओढा सोन्याकडे, असं वर्तमानपत्रात रोज वाचतो. त्यात झुकणं आहे, कल आहे, तळमळ नाही. सोन्याची ओढ म्हटलं की लगेच माणूस वेगळा दिसायला लागतो.

आता ओढीच्या आधी ठिकाण येतं या नियमाला अपवाद बघा. मनाची ओढ, जिवाची ओढ, रक्ताची ओढ. इथे मनाकडे कोणी जात नाहीये, मनच ओढतंय. म्हणजे जे आपल्या आतलं आहे ते ओढणारं आणि जे बाहेरचं आहे ते ओढीचं ठिकाण. मग पाऊस? पाऊस बाहेरचा असूनही 'पावसाची ओढ' मध्ये तो ओढणारा आहे, दोरीचं दुसरं टोक धरून लांब उभा. म्हणून ताईंच्या वर्गात दोन मुलांनी दोन अर्थ लावले आणि ताईंनी तिसरा सांगितला तर ते तिन्ही भाषेने शक्य केलेलेच आहेत. वाक्यात 'पावसाने ओढ दिली' असं क्रियापद असतं तर गोंधळ झाला नसता. मथळेवाले क्रियापद खातात. ओढ लागते ती आपल्याला, ओढ देतो तो समोरचा, मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

ओढाळ पण नक्की शिकवा. ओढाळ जनावर म्हणजे जे दावं तोडून, कळप सोडून दुसऱ्याच्या शेतात घुसतं ते. खानदेशात त्याला वढाय म्हणतात. बहिणाबाई चौधरींचं 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' बऱ्याच जणांना पाठ असतं पण वढाय म्हणजे ओढाळ हे शहरातल्या मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं, त्यांना वाटतं कसलं तरी नादासाठी वापरलेलं अक्षर आहे. ते गुराचं विशेषण आहे आणि पुढच्याच शब्दांत बाई ते ढोर आणून उभं करतात. अशा ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचे, पळायला लागलं की पायात येतो, त्याला लोढणं म्हणतात. 'गळ्यात लोढणं' हा वाक्प्रचार तिथला. म्हणजे एकीकडे ओढ आणि तिच्यावर इलाज म्हणून लोढणं, दोन्ही गोठ्यातूनच आले.

खाडीकाठ:
आमच्या कोकणात पाण्यालाही ओढ असते. ओहोटी लागली की म्हातारी माणसं ओरडतात, आत जाऊ नको रे पाण्याला ओढ आहे. वरून पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू सरकत असते. लहानपणी मला ओढ हा शब्द भीतीचाच माहीत होता, माणसांच्या बाबतीत तो वापरतात हे नंतर शाळेत कळलं.

गोठ्यातली_सकाळ:
शब्दांच्या_मागे सर, तुम्ही गोठ्याचं नाव काढलंत म्हणून लिहितो. घरी सहा गायी आहेत, सांगली जिल्हा. ओढ हा शब्द बघायचा असेल तर संध्याकाळी या. वासरू खुंट्याला बांधलेलं असतं, गाय चरून यायची वेळ झाली की ते उठून उभं राहतं, अजून गाय दिसत पण नाही. आणि मग तिचं हंबरणं ऐकू आलं की दावं असं ताणतं की खुंटा हलतो. तिकडं गाय पण बाकीच्यांना मागं टाकून पळत येते, कास भरलेली असते तरी पळते. रक्ताची ओढ म्हणतात ती हीच. दोरी खरीखुरी असते तिथं.

आणि तुमच्या पावसासारखं पण गायीत असतं. वासरू समोर नसलं, माणूस नवीन असला, की गाय दूध वर चढवते. आम्ही म्हणतो पान्हा चोरला. दूध आहे पण देत नाही. पाऊस ओढ देतो आणि गाय पान्हा चोरते, दोन्हीत आटलंय असं नाही, धरून ठेवलंय.

दोघींचं_घर:
मी फार कमी लिहिते पण आज लिहावंसं वाटलं. 'रक्ताची ओढ' हा शब्द मुलांना शिकवताना जरा थांबा अशी विनंती आहे.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना आमच्या घरी आली, दत्तक. आता चौदा वर्षांची आहे. नातेवाईक वाईट नाहीत पण कोणाकडे बारसं असलं की कोणीतरी बोलतंच, शेवटी रक्ताची ओढ ती रक्ताची ओढ. तिच्यासमोर बोलतात. ती काही बोलत नाही, मोबाईलमध्ये बघत राहते. एकदा रात्री मला विचारलं, आई मग तुला माझी कशाची ओढ आहे? मी गप्प बसले, काही सुचलंच नाही.

नंतर विचार करत राहिले. पहिले काही महिने मला तिची ओढ नव्हती, खरं सांगते, कारण ती सतत कडेवरच होती. तेव्हा जे होतं तो लळा. लळा जवळ असल्याशिवाय लागत नाही, भरवणं, न्हाऊ घालणं, रात्रीचं जागणं, याच्यातून लागतो आणि दोन्हीकडून लागतो. तिने पण मला लळा लावला. ओढ मला पहिल्यांदा कळली ती तिसरीत असताना शाळेची तीन दिवसांची सहल गेली तेव्हा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिचा स्वेटर घडी करत होते आणि हातातून खाली ठेवताच येईना. तर माझ्यासाठी फरक एवढाच आहे की लळा जवळ असताना लागतो आणि ओढ लांब गेल्यावर. रक्त यात कुठे आलं ते मला माहीत नाही.

रविवारची_शाळा:
ताई, थांबेन नक्की. माझ्या वर्गातही एक मुलगा आहे ज्याच्या घरी सावत्र बाबा आहेत आणि त्याला त्यांचा खूप लळा आहे. मी परवा 'रक्ताची ओढ' उदाहरण म्हणून दिलं होतं, तो विचार मला तेव्हा शिवला नाही. चुकलं माझं.

गोठ्यातली_सकाळ:
दोघींचं_घर ताई, मी लिहिलेलं मागे घेतो. आणि नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, आमच्याच गोठ्यातली गोष्ट आहे जी मी लिहिताना विसरलो.

माझ्या लहानपणी एका गायीचं वासरू चार दिवसांत गेलं. गाय धार काढू देईना, हंबरून हंबरून घर जागं ठेवलं. मग आजोबांनी त्या वासराचं कातडं वाळवून त्यात पेंढा भरून घेतला, आधी बऱ्याच ठिकाणी करायचे असं. धारेच्या वेळी ते समोर ठेवायचं. गाय त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. रोज. मला ते बघवायचं नाही, मी बाहेर जायचो. पण आज विचार केला तर त्या पेंढ्यात रक्त कुठं होतं? गायीला रक्त कळत नाही, तिला वास कळतो. व्याली की ती वासराला चाटून चाटून कोरडं करते, तेव्हाच तो वास तिच्या डोक्यात बसतो. जनावराला सुद्धा चाटल्यावरच ओढ लागते. तुम्ही आठ महिन्यांच्या पोरीला न्हाऊ घातलंत, तेच आहे हे. तुमच्या लेकीला सांगा एका गायवाल्यानं सांगितलंय म्हणून.

दोघींचं_घर:
दादा, हे तिला वाचून दाखवलं. दोनदा वाच म्हणाली.

टाचण_आणि_टीप:
माया या शब्दाचं कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते, मी २२ वर्षं शिवणकाम करते. आमच्यात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. ब्लाउज शिवताना दोन्ही बाजूंना इंच दीड इंच माया ठेवायची, म्हणजे नंतर अंग भरलं तर उसवून सैल करता येतो. बाहेरून दिसत नाही. लग्नाच्या मुलीचं कापड आलं तर मी न सांगता जास्त माया सोडते, दोन वर्षांनी तीच बाई परत येते आणि म्हणते अगं तू केवढी माया ठेवली होतीस. तयार कपड्यात माया नसतेच, टिपेला लागून कापलेलं असतं, म्हणून ते उसवून वाढवता येत नाहीत. तुमच्या मुलांना एखादा जुना ब्लाउज उलटा करून दाखवा, लगेच कळेल.

शब्दांच्या_मागे:
व्वा. माया 'आटते', 'पातळ होते', 'लावता' येते, 'ठेवता' येते. पैशाची माया 'जमवतात'. ओढीचं यातलं काहीच करता येत नाही. ओढ लावता येते का? लळा लावतो तशी ओढ 'लावली' असं गाण्याबिण्यात येतं पण बोलताना ती लागतेच. आणि जिव्हाळ्याचं बघा, जिव्हाळा लागत नाही, तो असतो किंवा वाटतो. 'त्यांच्याशी जिव्हाळ्याचे संबंध' म्हणतो आपण पण ओढीचे संबंध म्हणत नाही, कारण संबंध दोघांचा असतो आणि ओढ एकट्यालाही असू शकते. समोरच्याला पत्ताही नसतो.

बांधावरून:
एकट्याला असते हे खरं आहे. पावसाला कुठं माहीत असतं.

पुणेरी_पगडीवाला:
अवांतर: 'री ओढणे', 'ओढून चंद्रबळ आणणे', 'ताशेरे ओढणे', 'संकट ओढवणे' हे पण घ्या वर्गात, मुलांना मजा येईल.

रविवारची_शाळा:
रविवार झाला, लिहिते म्हटलं काय झालं ते.

चंद्रबळ वगैरे पुढच्या वेळी, आज वेळ पुरला नाही. मी एक नाडी घेऊन गेले होते. दोन मुलांना दोन टोकं धरायला दिली. मधे सैल असताना विचारलं ओढ आहे का, नाही म्हणाले. मग एकाला मागे सरकायला लावलं. नाडी ताणली. आता? आता आहे. कोणाला जाणवते? दोघांना. मग म्हटलं आता एक जण शेतकरी आहे आणि एक पाऊस, पाऊस मागे मागे जातोय. ज्याने पहिला अर्थ सांगितला होता तोच पाऊस झाला होता आणि त्याने नाडी सोडली नाही हे विशेष, म्हणाला सोडली तर मग मी त्याचा पाऊस राहणारच नाही ना. मला दादांचं 'आधी नातं' वालं वाक्य सांगायचीच गरज पडली नाही.

लळ्यासाठी मी गायीची गोष्ट सांगितली, पेंढ्याची. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, जरा जड झाली बहुतेक या वयाला, पण नंतर सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. टाचणताई, ब्लाउज उलटा करून दाखवला. माझ्या आईने शिवलेला होता. पावणेदोन इंच माया निघाली.

घरी लिहायला दिलं होतं, ओढ वापरून एक वाक्य. एक वाक्य इथे देते, ज्याने लिहिलंय त्याला विचारून: 'आजी आमच्याकडे आली तेव्हा मला तिची ओढ नव्हती, ती विमानतळावर आत गेली तेव्हा मला तिचा ओढ लागला.'

शब्दांच्या_मागे:
तिची ओढ लागली. बाकी वाक्याला हात लावू नका.

बांधावरून:
आमच्याकडून त्या पोराला शाबासकी सांगा ताई.